सव्वा व्होल्ट

कपाटावरची टॉर्च काढायला मी हात वर केला आणि माझी मुलगी श्रेया खाली बसली. बसली म्हणजे काय, दोन्ही कोपरं डोक्यावर घेऊन, मान खांद्यांत घालून, पलंग आणि कपाट यांच्यामधल्या फटीत जेवढी मावेल तेवढी मावली. गुरुवार होता, पुण्यात गुरुवारी लाईट जाते, खोलीत सकाळचा अर्धवट उजेड होता. माझा हात तसाच वर राहिला. हात खाली आणायचा तर कसा आणायचा, हे काही क्षण मला खरोखरच कळेना. मग कोपरांतून तिनं वर पाहिलं, तिला टॉर्च दिसली आणि ती उठली. फ्रॉक झटकला, पलंगाखाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "इथं पण नाहीये माझा खोडरबर." खोडरबर कुणी शोधत नव्हतं. आठ वर्षांची पोर मला सांभाळून घेत होती. मी "बघू, मिळेल," असं काहीतरी म्हणालो आणि टॉर्च घेऊन मीटरपाशी गेलो, आणि तिथं कशासाठी आलो होतो तेच विसरलो.

भोसरीच्या कंपनीत मी जे काम करतो ते आमच्या अवसरी बुद्रुकमध्ये कुणाला धड सांगता आलेलं नाही. माझे वडील, आण्णा, दर सुट्टीला विचारायचे की तू नक्की बनवतोस तरी काय, आणि मी दर सुट्टीला नवीन उत्तर द्यायचो. खरं उत्तर साधं आहे. एका चिपकडून दुसऱ्या चिपकडं निरोप जातो, तो पाठवणारी चिप मी बनवतो. निरोप दोनच, हो आणि नाही. हो म्हणायचं तर तारेवरचा विजेचा दाब सव्वा व्होल्टपर्यंत चढवायचा, नाही म्हणायचं तर खाली आणायचा, आणि हे सेकंदाला काही अब्ज वेळा. दुखणं आहे ते घाईचं. तारेला जितक्या घाईनं वर ढकलावं तितकी ती थांबायच्या जागी थांबत नाही. सव्वावर थांबायचं असतं, ती दीडच्या पुढं जाते. मग ओशाळल्यागत सव्वाच्या खाली येते, पुन्हा वर, पुन्हा खाली, असे पाच-सहा हेलकावे घेते आणि मग कुठं जागेवर बसते. आमचा सावळाराम, वारूळवाडीचा, ज्याच्या हातचं सोल्डरिंग भिंगाखाली धरलं तरी नाव ठेवायला जागा सापडत नाही, तो स्कोपच्या, म्हणजे विजेचा चढउतार रेषेत दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर हे बघून पहिल्या दिवशीच म्हणाला होता की उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग. तेव्हा आम्ही हसलो होतो. नंतर गिऱ्हाईकाकडून माल परत यायला लागला. पाठवणारी चिप ठणठणीत होती, कुठंही ठेवा, चालत होती. मरत होती ती घेणारी. तिच्या आत काचेचा एक थर असतो, इतका पातळ की त्याला थर म्हणणंही जास्तच. जास्तीचा दाब त्याच्यावर प्रत्येक निरोपागणिक आदळतो. एका दणक्यानं काही होत नाही. काच तडकत नाही, ती थकते. दीड-दोन वर्षं सगळं नीट चालतं, आणि मग एखाद्या साध्या दिवशी, कुणी काही केलेलं नसताना, ती निरोप घ्यायचंच बंद करते.

याला सोपा उपाय आहे, तारेच्या तोंडाशी एक रेझिस्टर बसवायचा. दाब मवाळ चढतो, पण मग सगळंच मवाळ होतं, आणि गिऱ्हाईकाला वेग हवाच असतो. पातळी ओलांडली की ओढून खाली आणायची, हा उपाय आम्ही महिनाभर करून बघितला. पातळी ओलांडली हे चिपला कळेपर्यंत ती ओलांडून झालेली असते. बैल गेला नि झोपा केला. उरला तिसरा मार्ग, तोच मी तीन महिने घोटत होतो. पूर्ण जोरानं वर निघायचं, पण सव्वाला पोचायच्या आधी, अजून काहीच बिघडलेलं नसताना, आतूनच किंचित मागं ओढून धरायचं. किती आधी आणि किती किंचित, एवढाच प्रश्न. जरा लवकर ओढलं तर निरोप अर्धवट राहतो, जरा उशीर झाला तर ओढलं काय न ओढलं काय. त्या गुरुवारी मी स्कोपपुढं बसलो आणि पडद्यावरचं ते हिरवं टोक, जे मी हजारदा बघितलेलं होतं, डोक्यावर घेतलेल्या कोपरासारखं दिसायला लागलं. मी पडदा बंद केला. सावळारामानं विचारलं, डोळे दुखतात का. मी हो म्हणालो.

मी तिला एकदा मारलं होतं. गणपतीच्या दिवसांत, आठाचा पाढा म्हणवून घेताना. आठ सत्ते चोपन्न म्हणाली, तीनदा म्हणाली, आणि तिसऱ्यांदा माझा हात गेला. गेला असंच मी मनात म्हणत आलोय, हात म्हणजे जसा काही शेजारचा माणूस. गालावर नव्हे, कानाच्या मागं लागलं. ती रडली नाही, छप्पन्न म्हणाली. त्या संध्याकाळी मी तिला आइस्क्रीम खायला नेलं, दुसऱ्या दिवशी गिअरची सायकल आणली, पुढचे चार दिवस पाढ्याचं नाव काढलं नाही, उलट ती जे म्हणेल त्याला हो. पाचव्या दिवशी तिनं चप्पल सापडत नाही म्हणून रिक्षावाल्याला खोळंबवलं तेव्हा मी असा ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून बघितलं. मग पुन्हा चॉकलेट. मला तेव्हा वाटायचं की मी भरपाई करतोय. आता स्कोपपुढं बसून, पडदा बंद असताना, मला तो हेलकावा लख्ख दिसला, वर, खाली, पुन्हा वर. दाब तर दाबच, पण त्याच्या मागून येणारा तो लाडसुद्धा पातळीला धरून नव्हता. त्या पोरीनं सायकल कधी मनापासून चालवली नाही हेही तेव्हाच आठवलं. सायकल गॅलरीत उभी असते, तिच्या हँडलवर माझी बायको प्राची फडकी वाळत घालते.

दिवाळी तोंडावर होती. प्राची श्रेयाला घेऊन माहेरी गेली, शिनोलीला, घोडेगावच्या पुढं भीमाशंकरच्या रस्त्याला. दर वर्षीच जाते. भाऊबीज आटोपली की मी जाऊन घेऊन येतो. या वर्षी भाऊबीजेनंतर प्राचीचा फोन आला की इतक्यात येऊ नका. भातं काढायची चाललीत, तिच्या आईला, लंकामामींना, हात हवेत. मी बरं म्हणालो. आठवडा गेला. घरात मी एकटा, कुकर एकट्यापुरता लावता येत नाही म्हणून रोज शिळा भात. शुक्रवारी पुन्हा फोन आला. प्राचीचा आवाज बारीक होता, अंगणात उभं राहून बोलत असणार, मागं कुणीतरी सूप झाडत होतं. ती म्हणाली, श्रेया म्हणतेय, मी उज्ज्वलामावशीच्या शाळेत जाते. उज्ज्वला म्हणजे प्राचीची धाकटी बहीण, तिथल्याच शाळेवर शिक्षिका आहे. मी हसलो. पोरं म्हणतात काहीही. प्राची हसली नाही. सोमवारी शाळा उघडतेय, ती म्हणाली, नाव घालायचं का ते सांगा. मग मी चिडलो, चिडून मग मऊ झालो, म्हणालो की एकदा हात उठला माझा, कबूल आहे, एकदा, तेवढ्यावरून कुणी शाळा बदलतं का.

"एकदा नाही," प्राची म्हणाली. "चार वेळा."

मी म्हणालो, काहीतरीच. तिनं सांगितलं. मे महिन्यात शिवाजीनगरच्या स्टँडवर हात सोडून पळाली म्हणून. त्याच्या आधी, शेजाऱ्यांचं पोर घरात असताना. गणपतीतली तिसरी. "आणि चौथी तिनं परवा सांगितली. मला पण माहीत नव्हती. मी घरात नव्हते तेव्हाची आहे." कुठली, मी विचारलं. ती म्हणाली, तुम्हीच आठवा. स्टँडवरची मला हळूहळू आठवली, म्हणजे स्टँड आठवला, उन्हाचा डांबराचा वास आठवला, तिचा पिवळा फ्रॉक आठवला. हात नाही आठवला. शेजाऱ्यांच्या पोराचं काहीच नाही. चौथी तर अंधारच. रात्रभर मी माझ्याच घरात चोरासारखा ती शोधत फिरलो, बाथरूमपाशी, गॅलरीत, जिन्यात, आणि प्रत्येक जागा मला शक्य वाटली. भीती वाटली ती याचीच.

शनिवारी नाशिक रस्त्याची एस.टी. धरली. खेडचा घाट ओलांडला की माझं डोकं नेहमी हलकं होतं. हवा बदलते, वाऱ्याला कांद्याच्या रोपांचा आणि ओल्या मातीचा वास लागतो, डोळे मिटले तरी कळतं की आता मंचर. त्या दिवशी धुकट ऊन होतं, डोंगर दिसत होते की नुसतेच आठवत होते ते सांगता आलं नसतं. मंचरला उतरून घोडेगावची गाडी धरायची आणि सरळ शिनोली गाठायची, असं ठरवून निघालो होतो. पण पाय अवसरीच्या जीपकडं वळले. मी मनाला सांगितलं की आण्णांना दिवाळीत भेटलो नाही. खरं म्हणजे मला शिनोलीला उशिरा पोचायचं होतं. आणि खरं म्हणजे मला आण्णांना एक विचारायचं होतं, ते अठरा वर्षं विचारलं नव्हतं.

नव्वद साली आण्णांनी नदीवरून आमच्या वरच्या रानापर्यंत पाईपलाईन आणली. पाऊण मैल पाईप, जमिनीत पुरलेला, वाटेत चार जणांची रानं. मी बारावीला होतो, चर खणायला मीही होतो. तेव्हाही लाईटीचा भरवसा नव्हता, म्हणून गावात सगळे मोटरीचा स्टार्टर ऑटोवर टाकून ठेवायचे, लाईट येईल तेव्हा मोटर आपोआप चालू. त्या दिवशी आण्णांनी ऑटो टाकला आणि वर रानात येऊन, बारं, म्हणजे पाण्याची पाळी, फिरवायचं म्हणून, शेवटचा व्हॉल्व बंद केला आणि भाकरी खायला घरी गेले. पाईप रिकामा होता. दुपारी लाईट आली. पाणी त्या रिकाम्या पाईपातून वर धावत आलं आणि बंद व्हॉल्ववर आदळलं. वाटेतल्या गेणभाऊच्या कांद्यात जमीन फुटली, पुरुषभर उंच फवारा, रोपं वाहून गेली. मी कॉलेजातून येत होतो, सायकल हातात. बांधावर दहा-पंधरा माणसं जमलेली. आण्णा पळत आले, फवारा बघितला, गेणभाऊकडं बघितलं, आणि मग त्यांना मी दिसलो. तू का न्हाई बघितलंस, म्हणाले, आणि तोंडात दिली. सगळ्यांसमोर. पोरं होती त्यात माझ्या वर्गातली. सायकल पडली, चाक फिरत राहिलं. मला आजही तो गाल सांगता येतो, उजवा. मी पुण्याला शिकायला गेलो तो मार्कांमुळं गेलो असं सगळे समजतात.

आण्णा घरी नव्हते. आई, प्रयागबाई, ओट्यावर लसूण सोलत होती. रानात हायेत, लाईट आलीय, ती म्हणाली. तू असा एकटाच? मी म्हणालो, शिनोलीला चाललोय आणायला. मी रानात गेलो. आण्णा व्हॉल्वपाशी उकिडवे बसले होते. सत्तरी गाठलेला माणूस, टोपी मांडीवर, दोन्ही हातांनी चाक धरून फिरवत होते, आणि ओठ हलत होते. मला बघून मानेनं थांब म्हणाले. आटे मोजत होते. एक आटा फिरवायचा, थांबायचं, पाईपाला कान लावायचा, मग दुसरा. बावीस आट्यांना अर्धा तास तरी लावला असेल. इतकी नाजूक बोटं मी त्यांची कधी बघितली नव्हती. पाणी आलं ते गुपचूप आलं, वाफ्यात शिरलं, कुणाला धक्का न लावता पुढं गेलं.

मग ते हात पुसत बोलायला लागले, आणि पाईपावरच बोलले. एकदम खोलला तरी फुटतो, एकदम बंद केला तरी फुटतो. नव्वद साली गेणभाऊच्या कांद्यात. त्र्याण्णवला ओढ्याच्या खाली, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. सत्त्याण्णवला दोनदा, एकदा बाभळीपाशी आन एकदा मोटरीपासनं तिसऱ्या जॉइंटाला. साल, जागा, जॉइंट, कुणी वेल्डिंग केलं, सगळं तोंडपाठ. पाईपानंच शिकिवलं मला, म्हणाले, पान्याला दम धरावा लागतो. मी ऐकत होतो. वाफा भरत होता. मला वाटलं आता नाही विचारलं तर मग कधीच नाही.

"आण्णा, नव्वद साली पाईप फुटला तेव्हा तुमी मला मारलं व्हतं."

ते माझ्याकडं बघत राहिले. खोटं बोलणाऱ्या माणसाचे डोळे मला कळतात. हे तसे नव्हते. ते खरोखर शोधत होते, कांदा, फवारा, गेणभाऊ, सगळ्यात शोधत होते, आणि मी त्यांना कुठंच सापडत नव्हतो. म्या? म्हणाले. तुला? कवा? मग थोड्या वेळानं म्हणाले, मारलं बी आसंल, त्या टायमाला समदेच मारायचे. आणि टोपी डोक्यावर घालून पुन्हा काढली.

"लई लागलं व्हतं का रं?"

मी नाही म्हणालो. अठरा वर्षं जे उत्तर घोटून ठेवलं होतं ते हे नव्हतं. पण पाण्याकडं तोंड करून बसलेला तो म्हातारा विचारत होता, आणि मी खोडरबर शोधायला वाकलो. इतकं सोपं असतं ते. घेणारा आपणहून सांभाळून घेतो आणि मारणाऱ्याच्या डोक्यात पाटी कोरी. आण्णा दुष्ट नव्हते, मी त्यांना आयुष्यभर मनात दुष्ट धरून चाललो होतो, तेवढीच माझी सोय होती. ते नुसते विसरले होते. जसा मी तिन्ही विसरलो, आणि जी एक आठवत होती तीही सायकल आणली म्हणून आठवत होती. खाण तशी माती, असं कुणी म्हटलं असतं तर त्या घडीला मी मान्य केलं असतं. घरी परतलो तेव्हा आईनं चहा ठेवला होता. आम्ही काय बोललो ते तिला न सांगताच कळलं असावं. ती म्हणाली, "त्यान्ला न्हाई आठवायचं. तू म्हैनाभर त्यांच्या पंगतीला बसला न्हाईस, ते मला आठवतंय." मग लसणाची पिशवी हातात दिली, लंकाबाईंना दे म्हणून.

मंचरच्या बाजारपेठेत मी दुकानापुढं थांबलो. काचेत बाहुल्या होत्या, रिमोटवरची गाडी होती. दुकानदार दोनदा म्हणाला, या पावणं. पाकिटापर्यंत हात गेला होता. मग एस.टी.च्या गर्दीनं मला पुढं ढकललं, की मीच गेलो, ते आता सांगता येत नाही. घोडेगावपासून पुढं रस्ता भातांच्या मधून जातो. कापणी झालेली, पेंढ्यांचे ढीग, पेंढ्याचा तो गोड कोंदट वास गाडीत भरून राहिलेला, आणि सगळे प्रवासी अर्धवट झोपेत माना हलवत. मीही पेंगलो. झोपेत मी स्कोपच्या पडद्यावर चालत होतो, हिरव्या रेषेवरून, चढ चढत होतो, आणि कुणीतरी मला मागून शर्टाला धरलं होतं, जोरात नाही, पडशील एवढ्या काळजीनं. मी मागं वळून बघणार तेवढ्यात कंडक्टर शिनोली म्हणाला.

उन्हं कलली होती. मामी अंगणात भरडलेला तांदूळ निवडत बसल्या होत्या, सूप, परात, बाजूला खड्यांची वाटी. श्रेया त्यांच्या शेजारी होती. परात भरत आलेली, दुपारभराचं काम दिसत होतं. मला बघून तिनं पाय जवळ घेतले. मामी म्हणाल्या, "या पावणं. प्राची नि उज्ज्वला खळ्यावर गेल्यात, येत्यालच. च्या ठिवते." लसणाची पिशवी घेऊन त्या आत गेल्या. प्राची मुद्दाम गेली असावी असं मला वाटलं. मी पायरीवर बसलो. श्रेयाचे केस तेल लावून घट्ट बांधले होते, गालांना इथलं ऊन लागलं होतं, ती वेगळीच दिसत होती, कुणाची तरी दुसऱ्याची मुलगी. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मग, तसंच बघत बघत, तिनं पाय लांब केला आणि टाचेनं परात पालथी केली.

चुकून झालं असतं तर मला कळलं असतं. तिनं आधी माझ्याकडं बघितलं होतं आणि नंतरही माझ्याकडंच बघत होती, तांदळाकडं नाही. पांढरं सगळं मातीत, शेणाच्या सारवणाच्या भेगांत, कोंबड्यांच्या पायांखाली. आणि मी खरं सांगतो, तो राग आला. मला वाटलं होतं की इतकं सगळं कळल्यावर तो येणार नाही. तो तळपायातून निघाला, मांड्यांतून चढला, छातीत आला, नेहमीच्याच घाईनं, नेहमीच्याच वाटेनं. म्हातारीची दुपार मातीत घालवलीस, हे वाक्य तयार होऊन दातांपाशी आलं. खांदा गरम झाला. फरक एवढाच की मी त्याला येताना बघत होतो. आजवर तो मला पोचल्यावरच दिसत आला होता. मी दोन्ही हात मांडीखाली घातले, पायरीचा दगड गार होता. आणि लगेच त्याच्या पाठोपाठ तो दुसरा आला, मऊ, असू दे गं माझी बाय, चल आपण दुकानात जाऊ म्हणणारा. त्यालाही बसवलं. किती वेळ गेला कोण जाणे, एक कोंबडी पाचसहा दाणे टिपून गेली. मग मी पायरीवरून उतरलो, मातीत बसलो आणि वेचायला लागलो.

"पाडलंस," मी म्हणालो.

"हो."

"वेच मग."

ती वेचायला आली. पण कुठं बसायचं ते तिनं आधी ठरवलं. माझ्या हाताकडं बघितलं, जमिनीकडं बघितलं, आणि हात लांब केला तरी पोचणार नाही एवढ्यावर बसली. ते अंतर तिला नेमकं ठाऊक होतं. मला रडू आलं. मी ते पुसलं नाही, दाखवलंही नाही, वेचत राहिलो. दाणा उचलायचा, फुंकायचा, परातीत टाकायचा. मामी चहा घेऊन दारात आल्या, अंगण बघितलं, पोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि चहा पायरीवर ठेवून आत गेल्या. चहावर साय धरली. वेचता वेचता मी तिला सांगितलं की चार वेळा मारलं हे मला आईनं सांगितलं. त्यातली चौथी मला आठवत नाही. खूप शोधली.

"मला आठवते," ती म्हणाली. आणि सांगितली नाही. मी विचारली नाही.

आपापल्या बाजूनं वेचत आम्ही परातीपाशी आलो. तिचा तांदूळ माझ्यापेक्षा स्वच्छ होता. माझ्यात खडे राहिलेले तिनं काढले, न बोलता, माझ्या बाजूच्या कडेतून, आणि तेव्हा ती माझ्या हाताच्या टप्प्यात होती, हे तिच्याही लक्षात आलं असावं, कारण ती एक क्षण थांबली. पण उठली नाही. रस्त्यावर मंचरकडं जाणाऱ्या शेवटच्या गाडीचा आवाज लांबून यायला लागला होता.

"मी आज नाही येणार," ती म्हणाली.

"बरं."

"मावशीच्या शाळेत नुसतं बसायचं, नाव नाही घालायचं, असं मी आईला सांगणार आहे."

"बरं."

"तुम्ही पुढच्या शनिवारी या." तिनं परात उचलून पोटाशी धरली, जड होती, पण मला धरू दिली नाही. दारापर्यंत गेली आणि वळली. "मी परत पालथी करणार आहे. तेव्हा पण तुमच्याकडं बघणार आहे, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी पण."

"कर," मी म्हणालो.